अठ्ठावन्न नंबरचा मान

"आक्कांचं नाव पहिलं घ्या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"पहिलं व्याह्यांचं. पोरीकडचे आहोत आपण."

"मग दुसरं."

"दुसरं विहीणबाईंचं."

"मग तिसरं, चौथं, काय ते घ्या. सातवं घेऊ नका म्हंजे मिळवलं."

सातवं म्हटल्याबरोबर मानसिंगराव शेडग्यांनी पेन खाली ठेवलं. समोर स्वयंपाकघराच्या फरशीवर दोनशेपानी वही उघडी होती. तिच्यात उत्कर्षाच्या लग्नात कोणाला काय मान द्यायचा त्याची एकशेबारा नावांची यादी होती. कोणाला शालू, कोणाला सहावारी, कोणाला टॉवेल-टोपी, याबद्दल नवराबायकोत दुमत नव्हतं. सगळी खरेदी झालेली होती. अडलं होतं ते क्रमावर. साताऱ्याकडच्या लग्नात मानाची वस्तू अशी गुपचूप हातात ठेवत नाहीत. माईकवरून नाव पुकारतात, माणूस उठून पुढे येतो, आणि सगळा मांडव बघत असतो की हा कितव्या नंबरला उठला.

अकरा वर्षांपूर्वी, घणसोलीच्या याच घराच्या वास्तुशांतीला, मानसिंगरावांनी त्यांच्या थोरल्या बहिणीचं, पुतळाआक्काचं नाव सातवं घेतलं होतं. मुद्दाम नव्हे. नळ बसवणाऱ्याला दुसरीकडे जायची घाई होती, म्हणून त्याला आधी नारळ देऊन मोकळा केला, आणि आक्काचा नंबर एकाने खाली गेला. आक्का उठली, साडी घेतली, पाटावर ठेवली आणि कालवलेला भात तसाच ताटात सोडून सरळ एसटी स्टँडवर गेली. "नळवाल्याच्या मागनं," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर अकरा वर्षं मानसिंगरावांनी फोन केला की पलीकडून आक्का स्वतःच्या खणखणीत आवाजात सांगायची, "राँग नंबर."

आक्का म्हणजे नुसती बहीण नव्हती. मानसिंगराव नऊ वर्षांचे असताना वडील गेले. चोवीस वर्षांची आक्का तेव्हा नवरा गेल्यावर माहेरी परत येऊन पुन्हा शेडगे झाली होती. तिने नांगर धरला, बाजार केला, धाकट्याला सातवीपर्यंत शिकवलं आणि एक दिवस भाकरी बांधून मुंबईच्या गाडीत बसवलं. उत्कर्षा महिन्यापूर्वी स्वतः गावी जाऊन आत्याच्या उंबऱ्यावर बसली आणि आत्या येते म्हणेपर्यंत पाणीही घेणार नाही म्हणाली, तेव्हा कुठे आक्काने तोंड उघडलं.

"येती. पर आधी मानाची नावं ऐकीन. मंग ठरवीन, अक्षता टाकायच्या का एसटी धरायची."

आक्काने मांडवात थांबावं आणि ताटातलं सगळं जेवून उठावं, एवढंच आता मानसिंगरावांचं मागणं उरलं होतं. मुलीच्या लग्नात बापाला बाकी बऱ्याच काळज्या असतात. यांना ही एकच होती.

उपाय मात्र त्यांना सापडला, आणि तो सापडला कॉलेजात.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात चौतीस वर्षं गोणी उचलल्यावर गुडघ्यांनी राजीनामा दिला. तेव्हा हमालांच्या टोळीतल्या पोरांनी त्यांना ऑफिसात बसवायचं ठरवलं. कोणती टोळी कोणत्या गाळ्यावर, कोण हजर, कोण रजेवर, हे आता कंप्युटरवर भरायचं होतं. उत्कर्षाने महाप्याच्या आपल्या कंपनीत बसल्याबसल्या फॉर्म भरला आणि वडिलांना कोपरखैरण्याच्या एका कॉलेजातल्या सहा महिन्यांच्या कोर्सला घातलं. संगणक आणि ऑफिसची सॉफ्टवेअर. वर्गात तेवीस विद्यार्थी, त्यातले बावीस एकोणीस-वीस वर्षांचे.

शिकवायला उरणच्या झेबा मॅडम होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावरच्या चौकोनांना काय म्हणतात ते विचारलं, आणि मानसिंगराव म्हणाले, "गाळे." उभ्या रकान्याला काय म्हणतात? "थप्पी." पोरं हसली, पण महिन्याभरात सगळा वर्ग तेच म्हणायला लागला, आणि एकदा खुद्द मॅडमच्याच तोंडून निघालं, "चला, आता तिसऱ्या थप्पीच्या सातव्या गाळ्यात क्लिक करा." कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने घरातलं एक खरंखुरं काम कंप्युटरवर करून दाखवायचं होतं. मानसिंगरावांनी मानाची यादी घेतली. पहिल्या थप्पीत नंबर, दुसरीत नाव, तिसरीत मान; क्रम अजून ठरला नव्हता, म्हणून नंबर वहीत नावं आठवली तसेच. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी एकशेबारा ओळी भरल्या. सत्यभामाबाईंनी वहीशी ताडून पाहिल्या, आणि नंबराप्रमाणे एकशेबारा पिशव्याही भरून ठेवल्या. प्रत्येक पिशवीवर फक्त नंबर. नावं नंतर छापून चिकटवायची होती.

लग्नाच्या आठवड्यात मॅडमनी सॉर्ट शिकवलं. नावं एका क्लिकमध्ये अ पासून ह पर्यंत ओळीने लागतात, हे पाहिल्यावर मानसिंगराव खुर्चीतच ताठ झाले.

"सत्यभामे," घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी ते म्हणाले, "नावं अक्षरानं लावायची. अ आधी, ह नंतर. ते काय मी ठरवलं का? कोण कशाला रुसंल?"

सत्यभामाबाईंनी विचार केला. "व्याह्यांचं नाव हिंदुराव. ते सगळ्यात शेवटी जातील."

"त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हनले, नवीन पद्धत हाय, चांगली हाय."

शुक्रवारी दुपारी ते लॅबमध्ये गेले. मॅडम परीक्षेच्या पहाऱ्यावर होत्या, लॅब रिकामी होती. मानसिंगरावांनी चष्मा पुसला, नावांची थप्पी वरपासून खालपर्यंत निवडली आणि सॉर्टवर बोट दाबलं. तेवढ्यात कंप्युटरने एक चौकट पुढे केली. इंग्रजी होतं, पण त्यांनी एकेक शब्द लावत नीट वाचलं आणि बरोबर समजून घेतलं. शेजारच्या थप्प्यांतसुद्धा माल दिसतोय, तोही सोबत हलवायचा, की निवडलेली थप्पी तेवढीच?

मानसिंगरावांना कंप्युटरचं मनापासून कौतुक वाटलं. विचारून तरी घेतलं बिचाऱ्याने. मार्केटात त्यांनी किती नवीन गड्यांना तंबी दिली होती! ज्या थप्पीचं काम सांगितलंय तेवढीच उचलायची, शेजारच्या थप्पीला बोट लावायचं नाही. तिथला माल दुसऱ्याचा असतो. या एका नियमावर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि त्यांच्या टोळीवर कधी ठपका आला नव्हता. त्यांनी ठामपणे दुसरा पर्याय निवडला. निवडलेली थप्पी तेवढीच.

नावं सळसळत जागेवर बसली. नंबर आणि मान मात्र जिथल्या तिथे राहिले, एखाद्या इमानदार गोदामासारखे. एकशेबारा माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या समोर आता दुसऱ्याच कोणाचा तरी मान होता.

हे त्यांना दिसलं नाही, कारण ते फक्त नावं बघत होते. यादी छापली, नावांच्या चिठ्ठ्या छापल्या, एक प्रत मॅडमना ईमेलने पाठवली. शनिवारी हॉलच्या मागच्या खोलीत ते आणि त्यांचा टोळीतला दोस्त सयाजी चिठ्ठ्या चिकटवायला बसले.

"आत काय हाय ते बघायचं का?" सयाजीने विचारलं.

"कशाला? ते सगळं ताडून झालंय. तू नंबर बघ आन् चिकटव."

"आपल्याला काय. नंबर बघायचा, चिकटवायचं."

रविवारी सकाळी पुतळाआक्का आली. त्र्याहत्तर वर्षांची, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली. पहिल्या रांगेतली खुर्ची तिला दिली. ती बसली, पण हातातली प्रवासाची पिशवी तिने खाली ठेवली नाही. मांडीवरच धरली.

"बॅग मांडीवर हाय," सत्यभामाबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या. "लक्षण काय खरं न्हाय."

"थांब जरा. आता बघ."

साखरपुडा झाला. मुहूर्ताला दीड तास होता. सयाजीने माईक घेतला. त्याला खरं तर माईकची गरज नव्हती. गोण्या मोजताना त्याचा आवाज चार गाळ्यांपलीकडे जायचा.

"मंडळी, आता मानाची नावं. यंदा नावं अ पासून ह पर्यंत कंप्युटरनं लावल्यात. हितं कुनी मोठं न्हाय, कुनी धाकटं न्हाय. अक्षर येईल तसं उठायचं."

टाळ्या पडल्या. आक्काने सुद्धा मान किंचित हलवली. मानसिंगरावांचा जीव अकरा वर्षांनी जागेवर आला आणि तिथे तो साधारण अर्धा मिनिट राहिला.

"एक नंबर! अनुसयाबाई कदम. सफारीचं कापड आणि कोल्हापुरी चप्पल!"

अनुसयाबाई मार्केटात लसूण निवडायच्या. त्या भांबावून उठल्या, पिशवी घेतली, आणि चप्पल पायाला लावून बघत म्हणाल्या, "ह्यांना व्हईल. मालकांना व्हईल." मांडव कौतुकाने हसला. नवऱ्याचा मान बायकोच्या हाती दिला, चांगला विचार आहे, असं कोणीतरी म्हणालं. मानसिंगरावांना वाटलं, ही वस्तू आपण दुसऱ्याच कोणासाठी घेतली होती का?

"चार नंबर! आबा पैलवान. हिरव्या बांगड्या, दोन डझन!"

आबा पैलवान सहा फुटी होते. त्यांनी डबा उघडला, एक बांगडी करंगळीत घालून पाहिली, ती तिथेच अडकली, आणि बायकांच्या बाजूला हशाचा असा फवारा उडाला की सनईवाला थांबला.

मानसिंगराव लगबगीने उठले. ते बायकांच्या रांगांमधून वाट काढत, लग्नाला आलेल्या झेबा मॅडमच्या खुर्चीपाशी पोहोचले.

"मॅडम, कंप्युटर बिघडला."

"कंप्युटर इथे कुठेय, काका?"

"यादी बिघडली. पैलवानाला बांगड्या गेल्या."

झेबा मॅडमनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, सॉर्ट करताना त्याने तुम्हाला काही विचारलं होतं का?"

"विचारलं होतं ना. शेजारचा माल हलवू का म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी कसा हलवू देईन? दुसऱ्याचा माल!"

मॅडमनी डोळे मिटले. मग उघडले. "काका, ती थप्पी नव्हती. त्या ओळी होत्या. नाव हललं की त्याचा मान सोबत हलायला पाहिजे. एका घरातली माणसं ना ती!"

"मग आता ते अंडू का काय ते करा."

"पिशवीचं अंडू नसतं, काका."

सत्यभामाबाई तोवर येऊन पोहोचल्या होत्या. "अवो, थांबवा त्या सयाजीला!"

"थांबवून काय करू? आत्तापर्यंत नऊ लोकांनी पिशव्या घेतल्या. माईकवर नाव गेलंय. दिलेला मान परत मागायचा? भर मांडवात?"

माईकवरून पुकारलेला मान परत घेतल्याचं त्यांच्या सात गावांत कोणी ऐकलं नव्हतं. परत मागण्यापेक्षा पैलवानाने बांगड्या भरणं सोपं होतं.

झेबा मॅडमनी फोन काढला आणि ईमेलवरची यादी उघडली. "आधी सांगा, आक्कांना काय होतं?"

"पैठणी. एकतीस नंबरची पिशवी."

"एकतीसला आता दगडू मोरे आहेत."

"आन् आक्का कुठाय?"

मॅडमनी बोटाने यादी वर सरकवली. "अठ्ठावन्न. आणि तिथे लिहिलंय, मानाचा फेटा, घरचे कर्ते."

कर्त्याचा फेटा तात्यांसाठी होता. तात्या त्यांचे थोरले चुलते, पंच्याऐंशी वर्षांचे, भावकीत सगळ्यात वडील. फेटा घराण्याच्या थोरल्या पुरुषाला बांधतात. बाईचं नाव घेऊन तो पुकारला तर मांडव हसणार. नळवाल्याच्या मागून उठवलं म्हणून अकरा वर्षं, तर मांडवभर हसवल्यावर किती, हा हिशेब मॅडमच्या सॉफ्टवेअरलाही झेपला नसता.

"आणि काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "सगळ्यात शेवटी, एकशेबाराला, हिंदुराव. खण आणि नारळ."

"व्याह्यांना खण?" सत्यभामाबाईंनी फोनमध्येच डोकं घातलं. "तो शेजारच्या मीनाताईंच्या ओटीसाठी होता!"

"ते मागनं बघू. आधी आक्का. तू मागच्या खोलीत जा, एकतीसची पिशवी उचल, अठ्ठावन्नवर ठेव. चिठ्ठ्या बदल. पळ!"

सत्यभामाबाई पळाल्या. पण एकतीस नंबर त्यांच्यापेक्षा आधी पोहोचला.

"एकतीस! दगडू मोरे! पैठणी!"

दगडू हा टोळीतला सगळ्यात दांडगा गडी, मिशा कानापर्यंत. त्याने पिशवीतून पैठणी काढली, मोर पाहिले, पदर खांद्यावर टाकला आणि तसाच आपल्या बायकोपुढे जाऊन उभा राहिला. जागृतीवहिनींनी दोन्ही हात तोंडावर धरले. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांना पैठणी मिळाली नव्हती. त्या रडायला लागल्या, दगडू कावराबावरा झाला, आजूबाजूच्या बायका पदर चाचपायला जमल्या. मागच्या खोलीच्या दारात सत्यभामाबाई हात हलवत उभ्या होत्या. रडणाऱ्या बाईच्या हातातून पैठणी काढून घेणं काही त्यांच्याने होणार नव्हतं.

मानसिंगराव स्टेजवर चढले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती त्यांनी ऐकली नाही.

"सयाजी, अठ्ठावन्न नंबर गाळ."

"का?"

"गाळ म्हनतो ना!"

सयाजीने माईकवर हात ठेवला. "मानसिंग, नंबर गाळायचा न्हाय. एक गाळला की फुडची सगळी मोजणी चुकती. मला कुनी शिकवलं हे?"

"मीच."

"मंग? पन्नास नंबर! धनाजी पवार! साडी-चोळी!"

यापुढचे सात नंबर मानसिंगराव स्टेजच्या कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. एका काकांना कुंकवाचा करंडा गेला. सत्यभामाबाईंच्या एका चुलत नणंदेला दाढीच्या सामानाची पेटी गेली आणि तिने ती तिथल्या तिथे नवऱ्याच्या हातात कोंबली, "घ्या, देवानंच ऐकलं." लोक एव्हाना इतके रंगात आले होते की मागच्या रांगा उठून पुढे येत होत्या. पुढच्याला काय निघतंय यावर पैजा लागल्या होत्या. फक्त पहिल्या रांगेत आक्का मांडीवर बॅग धरून शांत बसली होती.

"अठ्ठावन्न!" सयाजीने कागदाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज जरा बसला. "पुतळाबाई... शेडगे. मानाचा फेटा. घरचे कर्ते."

यावेळी कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. सनईवाल्याने सनई तोंडातून काढली. गावाकडची सगळी माणसं आधी आक्काकडे आणि मग तात्यांकडे बघायला लागली.

"काय म्हनला त्यो?" तात्यांनी शेजाऱ्याला विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं. शेजाऱ्याने कानात ओरडून सांगितलं. तात्यांनी विचार केला. "मंग बांधा की. कर्तीच हाय ती. पर लवकर बांधा, भुका लागल्यात."

आक्का उठली. मांडीवरची बॅग तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली. स्टेजच्या तीन पायऱ्या चढून ती मानसिंगरावांच्या समोर येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत इतक्या जवळून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. ती उंचीने कमी झाली होती.

"कोन बांधतंय?" आक्काने विचारलं.

फेटे बांधणारा माणूस पुढे आला, तसा मानसिंगरावांनी त्याला हाताने मागे सारलं. त्यांनी पिशवीतून केशरी फेटा काढला आणि उलगडला. चौतीस वर्षं डोक्यावर चुंबळ बांधलेल्या हातांना कापड कसं वळवायचं ते शिकवावं लागत नाही. तरी पहिला वेढा सुटला.

"घट्ट बांध की रं मानू," आक्का म्हणाली. "जेवताना आमटीत पडंल."

जेवताना! मानसिंगरावांच्या हातांत बळ आलं. दुसरा वेढा घट्ट बसला, तिसरा बसला, तुरा उभा राहिला, शेमला पाठीवर सुटला. आक्काने मांडवाकडे तोंड केलं. आधी दगडूने शिट्टी मारली. मग सनई सुरू झाली, मग टाळ्या, आणि त्या थांबेनात. उत्कर्षा हिरव्या चुड्याच्या हातांनी टाळ्या वाजवत होती आणि रडत होती, आणि तिची मेकअपवाली मागे टिश्यू घेऊन धावत होती.

आक्का काही खाली उतरली नाही. कर्त्याचा मान घेतला म्हटल्यावर तिने कर्त्याचीच खुर्ची मागवली आणि स्टेजवर सयाजीशेजारी बसली. पुढची चोपन्न नावं तिने स्वतःच्या देखरेखीखाली पुकारून घेतली. कोणी वस्तू पाहून कुरकुर केली की ती फेट्याखालून नुसती बघायची.

त्यामुळे एकशेबारावा नंबर आला तेव्हा मानसिंगराव तिच्या खुर्चीमागे उभे होते, लहानपणी उभे राहायचे तसे.

"एकशेबारा, आणि शेवटचे! आपले व्याही, हिंदुराव घोरपडे! खण... आणि नारळ."

हिंदुराव जागेवरून उठले, स्टेजपर्यंत आले, पिशवीत डोकावले आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. "मानसिंगराव, ही काय थट्टा? वरबापाला खण?"

मानसिंगरावांनी तोंड उघडलं. पण आक्का आधी उठली होती.

"थट्टा न्हवं, पाव्हनं. आमची पोर आजपास्नं तुमच्या घरात येणार. ओटी कुनाची भरायची मंग? विहीणबाईंची तर समदीच भरत्यात. पोरीला ऊन लागलं, तहान लागली, तर तुमी बी बघाल, म्हनून तुमची भरतोय. उपरनं धरा."

हिंदुरावांनी फेट्याकडे पाहिलं, फेट्याखालच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांनी झोळीसारखं पुढे धरलं. आक्काने त्यात नारळ घातला, खण घातला, वरून मूठभर तांदूळ घातले. हिंदुरावांनी झोळी छातीशी धरली. त्यांना मुलगी नव्हती. दोन मुलगेच होते. "सांभाळीन," ते म्हणाले, आणि तो नारळ त्यांनी अक्षता पडेपर्यंत कोणाच्या हातात दिला नाही.

झेबा मॅडम बायकांच्या रांगेतून हे सगळं बघत होत्या. शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलं, "ही यादी कुठल्या कंप्युटरवर केली हो? आमच्या पोराचं फेब्रुवारीत हाय."

आक्का जेवली. ताट स्वच्छ केलं, मठ्ठा दोनदा घेतला, आणि एसटीऐवजी घणसोलीच्या घरी मुक्काम केला.

सोमवारी सकाळी ती गॅलरीत चहा पीत बसली होती. फेटा अजून डोक्यावर होता. रात्री तिने तो अलगद काढून देवघरात ठेवला होता आणि उठल्या उठल्या पुन्हा घातला होता. मानसिंगराव बशी घेऊन शेजारी बसले. त्यांना झोप लागली नव्हती. मार्केटात कधी खोटी गोणी मोजली नाही, आणि आता सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर चुकून गेलेला मान आयुष्यभर राहणार, हे त्यांना पचत नव्हतं.

"आक्का, एक सांगायचंय. ती यादी..."

"चळली व्हती."

मानसिंगरावांनी बशी खाली ठेवली. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? पैलवान बांगड्या घालतोय, दगडू पैठनी पांघरतोय. मी काय आंधळी हाय व्हय? मंग म्हनलं, बसून बघू, माझ्या वाट्याला काय येतंय."

"तुझी पैठणी होती, आक्का. दगडूला गेली ती तुझी."

"बरं झालं गेली." आक्काने घोट घेतला. "पैठनी आली आसती तर मी उठणारच व्हते. तिकीट काडून ठेवलं व्हतं, साडेबाराचं. म्हातारीला साडी द्यायची आन् फेटा तात्याला. चाळीस वर्सं घर मी वडलं, आन् तात्यानं काय केलं? जेवला."

"म्हंजे, मला कळायला पाहिजे होतं. आन् कळलं नाही. तसं बघितलं तर चूकच झाली माझी, दोन्ही वेळा."

आक्काने कप खाली ठेवला. फेटा दोन्ही हातांनी नीट केला.

"एक ध्यानात ठेव, मानू. ह्या फेट्याला चूक म्हनलास, तर आनिक अकरा वर्सं बोलायची न्हाय."

"नाही म्हणत."

"मंग कंप्युटरनं काय केलं?"

मानसिंगरावांनी तिच्या फेट्याचा शेमला पाठीवर नीट सोडला.

"कंप्युटरनं बरोबर लावलं, आक्का."

"आन् गावात कुनी इचारलं तर?"

"तरी तेच."

"मंग आन जरा आनिक चा," आक्का म्हणाली. "दोन दिस ऱ्हाते."